मागच्या चाकातले आठ गिअर

सायकल स्वस्तात मिळत असेल तर आधी कारण विचारावं, ही माझी पुण्यापासूनची सवय. आइंडहोव्हनच्या एका दुकानात 899 वर काट मारून 599 युरो लिहिलेली पाटी दिसली, तेव्हा दुकानदाराला मी सरळच विचारलं, हिच्यात खोट काय आहे? पन्नाशीचा, नखांत ग्रीस गेलेला गृहस्थ होता तो. खोट काहीच नाही म्हणाला, आणि सायकल बाहेर उजेडात आणून एकेक कारण सांगत गेला.

पहिलं कारण, हिला मोटर नाही. नेदरलँड्समध्ये आता नव्या विकल्या जाणाऱ्या सायकलींत साधारण निम्म्या बॅटरीवाल्या असतात. दुकानाचा दर्शनी भाग त्यांनीच अडवलेला असतो आणि नुसत्या पायावर चालणारी सायकल मागच्या भिंतीकडे सरकते. दुसरं कारण कोविडचं. 2020-21 मध्ये लोकांनी सायकलींवर उड्या टाकल्या, कारखान्यांचा माल वेळेवर येईना, म्हणून दुकानदारांनी आणि कंपन्यांनी भरमसाट ऑर्डरी नोंदवून ठेवल्या. माल गोदामात पोचला तोवर मागणी ओसरली होती. 2023 पासून युरोपभर जे सवलतींचं पीक आलं ते त्या गोदामांतून. तिसरं कारण सांगताना मात्र तो जरा संकोचला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून हसला. या सायकलीची फ्रेम 53 सेंटिमीटरची होती. डच पुरुष जगातले सगळ्यात उंच, त्यांना 57, 61, वेळेला 65 ची फ्रेम लागते. 53 ची पुरुषी सायकल दुकानात पडून राहते. मी साडेपाच फूट. सीट थोडी वर घेतली, पाय टेकून बघितले, आणि सायकल माझ्या मापाची निघाली.

म्हणजे किंमत उतरली होती ती बाजाराचं लक्ष दुसरीकडे गेल्यामुळे. सायकल होती तशीच होती. 28 इंची मोठी चाकं, पूर्ण बंद चेनकव्हर, कॅरिअर, मडगार्ड, डायनॅमोवर चालणारे दिवे, आणि मागच्या चाकाच्या मधोमध धातूचा तो जाडजूड डबा. त्या डब्यासाठीच मी खरं तर ही सायकल घेतली. त्याच्या आत आठ गिअर होते.

आपल्याकडे गिअरची सायकल म्हटली की डोळ्यांसमोर मागच्या चाकाला लागलेली दातेरी चकत्यांची उतरंड आणि खाली लोंबणारा तो स्प्रिंगचा हात येतो. चेन एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते. माझ्या सायकलीला मागे एकच चकती आहे आणि चेन तिच्यावरून कधीच हलत नाही. हँडलची मूठ फिरवली की बदल होतो तो हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या त्या डब्याच्या आत, आसाभोवती. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. फक्त चेनच्या बाजूला, हबच्या कडेशी डोकं खाली घालून पाहिलं तर एक बारीक खिडकी आहे. तिच्यात दोन पिवळ्या रेघा दिसतात. मूठ चौथ्या गिअरवर आणली की या दोन रेघा एका ओळीत यायला हव्यात. नसल्या, तर केबलच्या टोकाचा छोटा स्क्रू पाव वळसा इकडे किंवा तिकडे फिरवायचा. आठही गिअरची जुळणी तेवढ्यात होते. दुकानदारानं हे मला गुडघ्यावर बसून दाखवलं, आणि मग मला बसवून माझ्याकडून करून घेतलं. विकण्याच्या घाईत असलेला माणूस इतकं करत नाही.

आत काय चालतं हे समजून घ्यायचं तर आधी तीन गिअरचा जुना हब बघावा. त्याची रचना इतकी देखणी आहे की ती कळल्यावर मी वही घेऊन तिचं चित्र काढत बसलो. मध्यभागी आसालाच पक्कं बसवलेलं एक दातेरी चाक असतं, त्याला सूर्य म्हणतात. ते फिरत नाही, कारण आस फ्रेमला नटांनी आवळलेला असतो. सूर्याभोवती चार लहान चाकं फिरतात, ते ग्रह. ग्रहांना एका पिंजऱ्यात धरलेलं असतं. आणि या सगळ्यांना बाहेरून वेढणारं, आतल्या अंगाला दाते असलेलं एक कडं. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या एडब्ल्यू नावाच्या हबमध्ये सूर्याला 20 दाते, प्रत्येक ग्रहाला 20 आणि कड्याला 60 असतात.

आता चेननं कड्याला फिरवलं आणि चाकाला पिंजऱ्याला जोडलं, तर कड्याच्या एका फेऱ्यात पिंजरा पाऊणच फेरा घेतो. चाक सावकाश फिरतं, पायाला हलकं लागतं. हा चढाचा गिअर. उलट केलं, चेननं पिंजऱ्याला फिरवलं आणि चाकाला कड्याला जोडलं, तर एका फेऱ्यात कडं एक आणि एक तृतीयांश फेरा घेतं. हा सपाट रस्त्याचा, वारा पाठीशी असतानाचा गिअर. आणि दोन्ही एकत्र बांधून टाकले की जितका फेरा चेनच्या चकतीचा तितकाच चाकाचा. एकाच दातेरी जुळणीतून, नुसतं कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं हे बदलून, तीन गती मिळतात. एकही दाता जास्तीचा नाही. हा हब 1936 पासूनचा, आणि अजून लोक तो वापरतात.

माझ्या सायकलीतला शिमानो या जपानी कंपनीचा नेक्सस हब हाच विचार पुढे नेतो. त्यात सूर्य एकाहून अधिक आहेत आणि त्यांतला कोणता अडवायचा हे मुठीतून गेलेली केबल ठरवते. पहिल्या गिअरला चाक चकतीच्या 0.527 पट फिरतं, आठव्याला 1.615 पट. माझ्या सायकलीला पुढे 38 दात्यांची चकती आहे, मागे 19 ची, आणि चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर. हिशेब केला तर पायडलच्या एका फेऱ्यात पहिल्या गिअरला मी 2.3 मीटर पुढे जातो आणि आठव्याला 7.1 मीटर. पाचवा गिअर थेट. त्यात आतली चाकं कामाला लागतच नाहीत, म्हणून चौथ्यावरून पाचव्यावर आलं की हबचा तो हलका किरकिर आवाज एकदम बंद होतो. रस्ता मोकळा असेल तर मी मुद्दाम पाचव्यावर येतो.

या हबला दोष आहेत आणि ते सांगायला हवेत. दोनेक किलोचं वजन सगळं मागच्या चाकात बसतं. स्वच्छ, तेलपाणी केलेल्या उघड्या गिअरच्या मानाने थोडी ताकद आतल्या दात्यांत जिरते. मागचं चाक काढायचं म्हणजे केबल सोडवा, ब्रेकचा हात सोडवा, नट काढा, असं लांबण लागतं. दोनेक वर्षांनी आतलं यंत्र बाहेर काढून तेलात बुडवून घ्यावं लागतं. शर्यतीच्या माणसाला हे परवडणार नाही. पण मला रोज सकाळी कामावर जायचं असतं, पाऊस असो की बर्फ असो, आणि परतताना भाजी आणायची असते. त्या कामाला याच्यासारखं यंत्र नाही असं माझं ठाम मत आहे. सिग्नलला अचानक थांबावं लागलं तर उघड्या गिअरची सायकल ज्या गिअरवर होती त्यावरच अडकते, कारण चेन सरकायला पायडल फिरावं लागतं. इथे मी उभ्या उभ्या मूठ फिरवतो आणि दिवा हिरवा झाला की दुसऱ्या गिअरवर हलकेच निघतो. रस्त्यावर पसरलेल्या मिठाचं आणि पावसाच्या चिखलाचं पाणी चेनपर्यंत पोचत नाही आणि पँटच्या पायालाही काळं लागत नाही.

या यंत्राच्या जन्माची हकीकत वाचली तेव्हा मला एका माणसाबद्दल फार वाईट वाटलं. स्टर्मी-आर्चर ही कंपनी 1902 मध्ये नॉटिंगहॅमला निघाली. रॅले सायकलचे मालक फ्रँक बोडन तिच्यामागे होते. नाव पडलं हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर या दोघांचं. पण तीन गिअरच्या हबची मूळ कल्पना विल्यम राइली यांची मानली जाते. त्यांनी आधी दोन गिअरचा हब काढला होता आणि त्या वेळच्या करारात पुढच्या शोधांचे हक्कही लिहून दिले होते. म्हणून नव्या हबचं पेटंट सहकाऱ्याच्या, आर्चर यांच्या नावावर घेतलं गेलं. पुढे जगभर लाखो चाकांच्या मधोमध जे नाव कोरलं गेलं त्यात राइली कुठेच नाहीत. नॉटिंगहॅमचा कारखाना 2000 साली विकला गेला आणि हे काम तैवानला गेलं. जर्मनीत श्वाइनफुर्टच्या साक्स कंपनीनंही असेच हब केले, तेही आता थांबले. कासेलजवळची रोहलॉफ कंपनी 14 गिअरचा हब बनवते. जग फिरणारे सायकलस्वार त्याची शपथ घेतात, पण तो एकटा हबच माझ्या अख्ख्या सायकलीहून कितीतरी महाग आहे.

चाकाच्या मोठेपणाबद्दलही बोलायला हवं, कारण एके काळी चाक हाच गिअर होता. चेन येण्यापूर्वीच्या त्या उंच सायकलींत पायडल थेट पुढच्या चाकाला असायचे. एका फेऱ्यात जास्त अंतर जायचं तर चाकच मोठं करायचं. चाक किती मोठं, तर स्वाराचे पाय पोचतील तितकं. 1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल आली, मागच्या चाकाला चेन लागली, आणि चाकाचा आकार गतीच्या बंधनातून सुटला. त्यानंतरही सायकल लहान चाकाची झाली नाही, कारण मोठं चाक खड्डा गिळतं. लहान चाक ज्या फटीत उतरून आपटतं, तिच्यावरून मोठं चाक निघून जातं. विटांचे जुने डच रस्ते असोत की आपली खडी वर आलेली डांबरी सडक, हाताच्या मनगटांना हा फरक लगेच कळतो.

आणि मापांचा एक गोंधळ आहे, तो मला टायर घेताना उलगडला. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत खरं माप छापलेलं असतं, रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. माझ्या 28 इंची सायकलीचा तो 622 आहे. हल्ली ज्या डोंगरी सायकलींना 29 इंची म्हणतात त्यांचाही 622 च. टायर जाड, म्हणून नाव मोठं. आणि आपल्याकडची ती काळी, दांडीची, दूधवाल्याची आणि पोस्टमनची सायकल, जिच्या टायरवर 28 x 1½ लिहिलेलं असतं, तिचा व्यास 635. आजच्या 29 इंचीपेक्षा आपल्या जुन्या सायकलीची रिम तेरा मिलिमीटरनं मोठी! इथल्या जुन्या डच सायकलींनाही हेच 635 चं माप असतं. आजही इथल्या दुकानांत त्या मापाचा टायर मिळतो. ते पाकीट हातात घेतलं तेव्हा मला भवानी पेठेतला आमचा जिना आठवला, ज्याच्या खाली बाबांची सायकल उभी असायची.

मी राहतो वेल्डहोव्हनला. आइंडहोव्हनकडे जाताना वाटेत होव्हनरिंग लागतो, मोटारींच्या चौकाच्या डोक्यावर 70 मीटर उंचीच्या एका खांबाला 24 तारांनी टांगलेला 72 मीटर व्यासाचा गोल पूल, 2012 मध्ये बांधलेला, केवळ सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी. खाली मोटारी सिग्नलला थांबतात आणि वर आपण गोलात वळून निघून जातो. सायकलवर बसलेल्या माणसाला इतक्या इतमामानं वागवणारं बांधकाम मी दुसरं पाहिलेलं नाही.

या देशात डोंगर जवळजवळ नाहीत, मग गिअर कशाला, असं मलाही आधी वाटे. उत्तर पहिल्याच शरद ऋतूत मिळालं. इथला चढ म्हणजे वारा. तो समोरून लागला की मैलोन् मैल लागतो आणि त्याला माथा नसतो, जिथे पोचून दम खावा. झीलंड प्रांतातल्या ऑस्टरस्केल्ड धरणावर 2013 पासून उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा होते. वारा पुरेसा सोसाट्याचा येणार असं हवामान खात्यानं सांगितलं की दोन-तीन दिवस आधी ती जाहीर करतात. साडेआठ किलोमीटर, सगळ्यांना एकसारख्या साध्या सायकली, आणि गिअर एकालाही नाही. गिअर दिला तर परीक्षाच संपली. हे ऐकल्यापासून समोरच्या वाऱ्यात मूठ फिरवून तिसऱ्यावर येताना मला हबमधल्या त्या ग्रहांबद्दल कृतज्ञता वाटते.

बाबांना फोनवर सायकल दाखवली. कॅमेरा मागच्या चाकाजवळ नेला तर म्हणाले, "नुसता डबा दिसतोय. गिअर कुठेत?" मी वहीतलं चित्र दाखवलं. बाबांनी उभं आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून काढलं. त्यांनी चष्मा वर केला, मिनिटभर चित्राकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, सूर्य जाम केलाय आसाला. म्हणजे कडं ड्रायव्हिंग घेतलं की पिंजरा मागे पडणार. किती, पाऊण?" मला जे उमजायला संध्याकाळ गेली ते त्यांनी दात्यांचे आकडे बघून तोंडी काढलं. मग गप्प झाले आणि म्हणाले, "हे आम्हाला तेव्हा मिळायला हवं होतं."

भवानी पेठेतून पिंपरी. दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून जुन्या मुंबई रस्त्यानं, डब्याची पिशवी हँडलला, पहिल्या पाळीला अंधारात निघून. परतताना वारा अंगावर आणि पायांत आठ तासांची मशीन. त्या रस्त्यावर त्या काळी सायकलींचा पूर असायचा, खडकीच्या फॅक्टऱ्यांचे, पिंपरीच्या कारखान्यांचे हजारो कामगार. सगळ्यांच्या सायकलींना एकच गती. चढ आला की उभं राहून मारायची, नाही जमलं तर उतरून ढकलायची.

मला या गोष्टीचा राग आहे. तीन गिअरचा बंद हब तेव्हा जुना झालेला होता. इंग्लंडात तो कारखान्यात जाणाऱ्या साध्या माणसांच्या रोजच्या सायकलींत बसत होता. रॅलेच्याच भागीदारीत सेन-रॅलेचा कारखाना 1950 च्या दशकात आसनसोलला सायकली बनवत होता. कसब होतं, पोलाद होतं, गरज तर डोळ्यांसमोर होती. आपल्याकडे तीन गिअरची रॅले दिसे ती एखाद्या वकिलाकडे किंवा डॉक्टरकडे, मानाची वस्तू म्हणून. सर्वसामान्य माणसाकडे गिअर आला तो कितीतरी नंतर, आणि आला तो भडक रंगाच्या, डोंगरी दिसणाऱ्या, दहावीच्या मुलाला बक्षीस म्हणून घ्यायच्या सायकलीवर. उघड्या चकत्या, उघडी चेन. दोन पावसाळ्यांत गंजून गिअर एका जागी अडकतो आणि मुलगा पुढे त्याच गिअरवर चालवत राहतो. त्यातून लोकांनी निष्कर्ष काढला की गिअर म्हणजे कटकट, गिअर म्हणजे शौक. ज्याला खरोखर गिअरची गरज होती, दुधाचे कॅन घेऊन चढणाऱ्याला, पहाटे पेपर टाकणाऱ्याला, साडी सांभाळत कामावर जाणाऱ्या बाईला, त्याच्यापर्यंत पाऊस-चिखल न लागणारा, चेन न पाडणारा, उभ्या उभ्या बदलणारा गिअर पोचलाच नाही. कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ सायकलवर चढून बघावा, मग पाऊण पट या आकड्याचं मोल पायांना कळतं.

पंक्चरचं काय, असं बाबांनी विचारलं, कारण चाक काढणं लांबणीचं आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं, इथेही चाक काढत नाहीत. टायरची एक बाजू रिमबाहेर काढतात, ट्यूब तेवढीच ओढून घेतात, पाण्यात बुडवून बुडबुडे बघतात, घासतात, ठिगळ लावतात. बाबा खूश झाले. आपल्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तरी दुसरं काय करतो? त्याच्या पाटीत आणि इथल्या बादलीत फरक नाही. म्हणजे हा हब पुण्यात आला तर त्याला अडसर पंक्चरवाल्याचा नाही.

अडसर वेगळा निघाला. बाबांची सायकल अजून आहे, जिन्याखालून आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली आहे, आणि ते अजून तिच्यावरून मंडईत जातात. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. खाली जाऊन आरे मोजून आले होते. "पुढच्याला बत्तीस, मागच्याला चाळीस. तुझ्या हबला किती भोकं?" माझ्या हबला छत्तीस. त्यामुळे तो त्यांच्या रिमवर बसणार नाही. पण इंग्रजी सायकलींच्या मागच्या चाकालाही चाळीसच आरे असत, आणि स्टर्मी-आर्चरचे जुने हब चाळीस भोकांचे मिळतात. कवचावर ते बनल्याचं साल आणि महिना कोरलेला असतो, साफ केला, तेल दिलं की चालू लागतात. इथे जुन्या सायकलींच्या बाजारात शोधायला मी सुरुवात केली आहे. बाबा म्हणाले, "तू तिकडे बघ, मी रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाकतो. आणि घेताना दोन गोष्टी बघ. आसाला खेळ नको, आणि भोकं स्वतः मोजून घे, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नकोस."